चार सॉकेटचं मशीन दोनावर आणताना

सर्व्हरची मेमरी वाढवायची आहे म्हटलं की सगळ्यांना हुरूप येतो. परचेसवाले कोटेशन मागवतात, व्हेंडरचा माणूस दुसऱ्या दिवशी गेटवर हजर असतो, मॅन्युअलमध्ये चित्रांसकट सगळं दिलेलं असतं. तेच मशीन कमी करायचं आहे असं सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "का हो मॅडम, बिघडलंय का?"

मी पुण्यात, भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सिस्टीम ॲडमिन आहे. आम्ही गाड्यांचे सुटे भाग बनवतो. आमच्या ईआरपीचा, म्हणजे हिशेब, स्टॉक आणि डिस्पॅच सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा, डेटाबेस ज्या मशीनवर चालतो, ते आम्ही आधी दोन प्रोसेसरवरून चारवर नेलं आणि काही वर्षांनी पुन्हा दोनावर आणलं. दोन्ही वेळा मशीन मीच उघडलं. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. वाढवणं हे बरंचसं हार्डवेअरचं काम असतं. कमी करताना मात्र त्या मशीनवर आजवर कोणी काय काय गृहीत धरून ठेवलंय ते शोधावं लागतं, आणि ही शोधाशोध स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायच्या खूप आधी संपलेली असावी लागते.

मशीन रॅकमध्ये बसणारं, चार सॉकेटचं, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या चार जागांचं. खालच्या मुख्य बोर्डावर दोन इंटेल झिऑन, आणि वर सरकवून बसवायचा एक ट्रे, त्यावर तिसरा आणि चौथा प्रोसेसर आपापल्या मेमरीसकट. 2019 साली आलेल्या झिऑनच्या त्या पिढीत एका प्रोसेसरला मेमरीचे सहा चॅनेल, म्हणजे मेमरीकडे जाणारे सहा रस्ते, असतात. आमच्या मशीनमध्ये प्रत्येक चॅनेलला दोन स्लॉट, म्हणजे एका प्रोसेसरमागे बारा मॉड्यूल (मेमरीच्या पट्ट्या). घेताना दोनच प्रोसेसर घेतले होते आणि 32 जीबीची 24 मॉड्यूल, एकूण 768 जीबी. ट्रेच्या जागी नुसतं प्लास्टिकचं फिलर होतं.

मग काम वाढलं. शंभर कोटींवरच्या उलाढालीला ई-इनव्हॉइस 1 जानेवारी 2021 पासून सक्तीचं झालं, त्याच सुमारास डिस्पॅचला बारकोड आला, आणि बाकीच्या प्लांटचे रिपोर्टही याच डेटाबेसवर येऊन पडायला लागले. महिनाअखेरीला अकाउंट्सची माणसं रात्री उशिरापर्यंत स्क्रीनकडे बघत बसायची. ट्रे घ्यायचं ठरलं.

वाढवण्याबद्दल फार लिहीत नाही, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. मेमरी सगळ्या प्रोसेसरमध्ये सारखी वाटून लावायची. प्रत्येक प्रोसेसरची स्वतःची मेमरी असते. शेजारच्या प्रोसेसरची वापरायची तर मधल्या दुव्यावरून जावं लागतं आणि वेळ लागतो. यालाच नुमा म्हणतात. पैसे वाचवायला नव्या दोन प्रोसेसरना निम्मीच मेमरी दिली, तर कागदावर कोअर, म्हणजे प्रोसेसरच्या आतली काम करणारी एककं, दुप्पट होतात आणि प्रत्यक्षात त्यातले निम्मे दुसऱ्याच्या दारात उभे राहतात. म्हणून आम्ही तशीच आणखी 24 मॉड्यूल मागवली. एकूण दीड टीबी.

माल आला तेव्हा स्टोअरच्या टेबलावर एकेक मॉड्यूल काढून मी लेबल वाचत होते. बरोबरचा मुलगा म्हणाला, "ताई, सगळी एकाच ऑर्डरची आहेत, कशाला एवढं बघताय?" आमच्या जुन्या मॉड्यूलवर पीसी4-2933वाय लिहिलेलं आणि त्यापुढच्या आडव्या रेघेनंतर आर. नव्या मालातल्या काहींवर त्याच जागी एल होता. आर म्हणजे रजिस्टर्ड, एल म्हणजे लोड रिड्यूस्ड. दोन्हींच्या खाचा एकाच जागी असल्यामुळे स्लॉटमध्ये दोन्ही व्यवस्थित बसतात, खट्ट करून क्लिपही लागते. पण एकाच मशीनमध्ये दोन्ही चालत नाहीत, मशीन पोस्टलाच, म्हणजे सुरू होतानाच्या स्वतःच्या तपासणीतच, अडतं. त्या सप्लायरने दोन गोदामांतला माल एकत्र करून पाठवला होता. बदलून दिला, पण त्या आठवड्याचा गुरुवार हातचा गेला.

गुरुवारचं महत्त्व इथल्या लोकांना सांगायला नको. भोसरी, पिंपरी-चिंचवड पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. बुधवारची तिसरी पाळी सुटली की शुक्रवारच्या पहिल्या पाळीपर्यंत मशीन बंद ठेवता येतं. तेवढीच आमची खिडकी. अडचण एवढीच की महावितरणची देखभालीची कामंही गुरुवारीच असतात, त्यामुळे बरेचदा वीज नसते. सर्व्हरचं मोठं काम गुरुवारी काढायचं तर आदल्या दिवशी जनरेटरच्या टाकीत डिझेल किती आहे ते मी स्वतः जाऊन बघते. फोनवर विचारलं तर उत्तर कायम "भरपूर आहे मॅडम" असंच येतं.

आता कमी करण्याकडे येते, कारण खरं सांगण्यासारखं तिथंच आहे.

कारण पैशाचं होतं, आणि ते रास्त होतं. आमचा डेटाबेस ओरॅकलचा, लायसन्स कोअरवर. झिऑनला कोअर फॅक्टर 0.5, म्हणजे दोन कोअरमागे एक लायसन्स. सोळा कोअरचे चार प्रोसेसर म्हणजे 64 कोअर, म्हणजे 32 लायसन्स. दोन प्रोसेसरवर आलं की 16. लायसन्स एकदा घेतलं की संपलं असं नसतं, सपोर्टचं बिल दर वर्षी येतं. मधल्या काळात सगळं रिपोर्टिंग क्लाउडवर गेलं होतं. (मायक्रोसॉफ्टचं सेंट्रल इंडिया रीजन 2015 पासून पुण्यातच आहे. क्लाउड म्हणजे कुठेतरी सातासमुद्रापार, असं वाटणाऱ्या आमच्या काही मॅनेजरांना हे सांगितल्यावर बरीच भीती गेली.) महिनाअखेर सोडली तर मशीनवरचे निम्मे कोअर बसून असायचे. ऑपरेटिंग सिस्टीममधून कोअर बंद करून ठेवले तर चालेल का, असं फायनान्सने विचारलं. बंद करता येतात, एका ओळीचं काम आहे. पण ते जसे एका ओळीत बंद होतात तसेच एका ओळीत चालू होतात, म्हणून लायसन्स मोजताना ते धरले जातात. ट्रे बाहेर काढणं हाच सरळ मार्ग होता.

आमचे सर निवृत्तीला आलेले. सन कंपनीच्या मोठ्या मशीनवर त्यांनी तरुणपणी काम केलंय. 1997 साली आलेलं एंटरप्राइज 10000 हे मशीन त्यांच्या फार जिव्हाळ्याचं. त्यात सोळा सिस्टीम बोर्ड आणि 64 पर्यंत प्रोसेसर बसायचे, आणि सिस्टीम चालू असताना त्यातला एखादा बोर्ड मोकळा करून बाहेर काढता यायचा. मी म्हटलं, "सर, तेव्हा चालू मशीनमधून बोर्ड निघत होता, मग आज का नाही?"

सर म्हणाले, "बोर्ड घालताना कधीच त्रास नाही झाला. काढताना त्यावर कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याची, मेमरी बसलेली असली की अडायचं. प्रोग्रॅमची पानं, म्हणजे मेमरीचे तुकडे, उचलून दुसरीकडे ठेवता येतात, कर्नल स्वतःची पानं सहजासहजी हलवू देत नाही. ती दुसऱ्या बोर्डवर हलवायची तर सगळी सिस्टीम क्षणभर श्वास रोखून थांबवावी लागायची."

लिनक्समध्येही तेच आहे. मेमरीचा एखादा भाग ऑफलाइन करायला सांगितला आणि त्यात कर्नलची न हलणारी पानं असली, की तो नकार देतो. त्यासाठी आधीपासूनच काही मेमरी फक्त हलणाऱ्या पानांसाठी राखून ठेवायची सोय आहे, मूव्हेबल झोन नावाची. पण ती ठरवायची मशीन बूट करताना, गरज पडल्यावर नाही. व्हर्च्युअल मशीनचंही फार वेगळं नसतं. व्हीएमवेअरमध्ये चालू व्हीएमला मेमरी देता येते, काढून घ्यायची म्हटलं की सहसा बंदच करावं लागतं. शिवाय आमचा ट्रे चालू मशीनमधून काढण्यासाठी बनवलेलाच नव्हता. तेव्हा मशीन बंद करूनच काम करायचं हे पहिल्या दिवशीच ठरलं.

पण झाकण उघडण्याआधी मला एका गोष्टीची खात्री हवी होती. निम्म्या मशीनवर महिनाअखेर निघेल का? यावर नुसत्या आलेखांवरून मत देणं मला पटत नव्हतं. त्यासाठी एक चांगली युक्ती आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. बूट करताना कर्नलला सांगायचं की मेमरी 768 जीबीच धर. तो खालच्या पत्त्यांपासून मोजतो, त्यामुळे साधारण पहिल्या दोन प्रोसेसरची मेमरी शिल्लक राहते. मग एलएससीपीयू या आज्ञेने तिसऱ्या आणि चौथ्या नोडचे (नोड म्हणजे एक प्रोसेसर आणि त्याची मेमरी) कोअर कुठले ते बघायचं आणि ते ऑफलाइन करायचे. ट्रे जागेवर, स्क्रू जागेवर, आणि मशीन मात्र स्वतःला दोन प्रोसेसरचं समजतंय. नाही जमलं तर एक रीबूट, पुन्हा पूर्ववत.

हे करायला बसलो आणि पहिल्याच टप्प्यावर ह्यूजपेजेस आडवे आले. सगळ्या कामातला हा सगळ्यात धोक्याचा भाग, म्हणून नीट सांगते.

मोठ्या डेटाबेसला मेमरी देताना नेहमीच्या 4 केबीच्या पानांऐवजी 2 एमबीची मोठी पानं देतात, तीच ह्यूजपेजेस. ती आधीच बाजूला काढून ठेवायची असतात. आमच्या डेटाबेसचा एसजीए, म्हणजे सगळ्या प्रक्रियांनी मिळून वापरायचा मेमरीचा भाग, 960 जीबीचा होता. भागाकार केला की 2 एमबीची 4,91,520 पानं. हा आकडा सिस्टीमच्या सेटिंगमध्ये लिहिलेला असतो आणि मशीन सुरू होताना, डेटाबेस उठायच्या कितीतरी आधी, कर्नल तेवढी पानं राखून ठेवतो. पंगतीत माणसं यायच्या आधीच पानं मांडून ठेवावीत तसं. बसो न बसो, ती जागा दुसऱ्या कोणाला मिळत नाही.

आता मशीनमध्ये मेमरीच 768 जीबी राहिली आणि सेटिंगमध्ये आकडा जुनाच राहिला, तर काय होईल? कर्नल 960 जीबी मिळवायला जातो, मिळतील तेवढी पानं घेतो आणि जवळपास सगळी मेमरी तिथंच अडकते. लॉगिनची प्रक्रिया, नेटवर्क, एसएसएच, सगळ्यांना उरलेल्या चतकोरात भागवावं लागतं. मशीन बूट होता होता गुदमरतं. वरवर बघणाऱ्याला वाटतं, ट्रे काढताना काहीतरी तुटलं. मग लोक मॉड्यूल काढ-घाल करत रात्र काढतात. आमच्या ओळखीतल्या एका ठिकाणी नेमकं हेच झालं होतं आणि मदरबोर्ड बदलायचा निर्णय होईपर्यंत गोष्ट गेली होती.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आमच्या डीबीएने, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याने, आधी एसजीए 480 जीबीवर आणला आणि डेटाबेस पुन्हा सुरू केला. मग मी ह्यूजपेजेसचा आकडा 2,45,760 केला. त्यानंतर एकदा पूर्ण मेमरीवरच मशीन रीबूट करून दोन्ही आकडे जुळतात ते पाहिलं, आणि मगच कर्नलला 768 ची मर्यादा घातली. उलट्या क्रमाने जायचं नाही.

निम्म्या मशीनवर महिनाअखेर चालवली. बहुतेक सगळं निघालं. एक स्टॉक व्हॅल्युएशनचा रिपोर्ट मात्र रेंगाळला. तो पूर्वी सगळं टेबल मेमरीत सापडत असल्यामुळे पळायचा, आता डिस्कवर जायला लागला. डीबीएने त्याला योग्य इंडेक्स, म्हणजे डेटा पटकन शोधायची सूची, दिला तेव्हा तो आधीपेक्षाही लवकर यायला लागला. दीड टीबी मेमरीने तो दोष झाकून ठेवला होता. हे बघून मला फार समाधान वाटलं, कारण मेमरी वाढवून दुरुस्त केलेल्या किती गोष्टी मुळात दुरुस्त झालेल्याच नसतात याचा मला बरीच वर्षं संशय होता.

त्यानंतर शोधाशोध. सगळ्या स्क्रिप्ट, सर्व्हिस फाइल आणि क्रॉनच्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या) नोंदींमध्ये मी नुमासीटीएल, टास्कसेट आणि आयसोलसीपीयूज हे शब्द शोधले. एखादं काम ठराविक प्रोसेसरवर बांधायला किंवा ठराविक कोअर बाजूला ठेवायला हे वापरतात. एक जुनी बॅकअप स्क्रिप्ट सापडली. कोणीतरी चांगल्या हेतूने ती नोड 3 वर (मोजणी शून्यापासून, म्हणून हा चौथा प्रोसेसर) बांधली होती, म्हणजे दिवसाच्या कामाला तिचा त्रास नको. ट्रे गेल्यावर नोड 3 असणारच नव्हता. रात्री दोन वाजता ती स्क्रिप्ट चूक दाखवून थांबली असती आणि सकाळी कोणाच्या लक्षात आलं नसतं की बॅकअप झालेलाच नाही.

मग पीसीआय स्लॉट, म्हणजे जादा कार्डं बसवायच्या खाचा. हे दुखणं चार सॉकेटच्या मशीनमध्ये हमखास असतं. प्रत्येक स्लॉट कुठल्या ना कुठल्या प्रोसेसरला जोडलेला असतो. प्रोसेसर नाही तर त्याचे स्लॉटही मेले. स्टोरेजकडे जाणारी दोन फायबर चॅनेल कार्डं आम्ही वाढवताना मुद्दाम वेगवेगळ्या प्रोसेसरवर वाटली होती, आणि ते तेव्हा योग्यच होतं. आता तिसऱ्या प्रोसेसरच्या स्लॉटमधलं कार्ड खाली आणायचं होतं. कार्ड तेच राहिलं तर त्याचा डब्ल्यूडब्ल्यूपीएन, म्हणजे कार्डाचा कायमचा ओळख क्रमांक, बदलत नाही, त्यामुळे स्विचवरचं झोनिंग (कोणी कोणाशी बोलायचं ते) आणि स्टोरेजवरची परवानगी तशीच चालते. नेटवर्क कार्डाचं तसं नाही. त्याचं नाव कुठल्या बसवर बसलंय त्यावरून पडतं. कार्ड हलवलं की नाव बदलतं, आणि जुन्या नावावर लिहिलेलं आयपीचं सेटिंग अनाथ होतं. मी आधीच मॅक पत्त्यावरून, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकावरून, नावं पक्की करून ठेवली.

स्टोरेज कमी करणं हे वेगळंच काम, आणि ते मशीन बंद न करता होतं. रिपोर्टिंगचा डेटा गेल्यामुळे काही लन, म्हणजे स्टोरेजने सर्व्हरला दिलेल्या डिस्क, मोकळे करायचे होते. डेटाबेसच्या एएसएममध्ये, म्हणजे डिस्क सांभाळणाऱ्या भागात, डिस्क ड्रॉप करायची आज्ञा दिली की लगेच "डिस्कग्रुप बदलला" असा संदेश येतो आणि कर्सर परत मिळतो. इथं फसायला होतं. आज्ञा फक्त स्वीकारली गेलेली असते. त्यानंतर त्या डिस्कवरचा डेटा बाकीच्या डिस्कवर सरकवायचं काम मागे चालू होतं, आणि ते संपेपर्यंत डिस्क ड्रॉपिंग या अवस्थेत असते. हेडरची अवस्था फॉर्मर दिसली की मगच ती तुमची. तोवर स्टोरेजवाल्यांना फोनसुद्धा करायचा नाही. मी टर्मिनल उघडं ठेवून अधूनमधून बघत होते. शिल्लक मिनिटांचा अंदाज कधी कमी व्हायचा, मध्येच वाढायचा, कारण दुसऱ्या बाजूला डिस्पॅच चालू होतं. त्याची घाई करण्यात अर्थ नसतो. रीबॅलन्सची, म्हणजे या सरकवण्याची, ताकद वाढवली की काम लवकर होतं, पण शॉप फ्लोअरवर बारकोड स्कॅन केल्यावर बीप यायला उशीर होतो, आणि तिथला सुपरवायझर थेट वर येतो.

फॉर्मर झाल्यावरही क्रम आहेच. आधी सर्व्हरवर मल्टिपाथचं नाव (एकाच लनकडे जाणाऱ्या सगळ्या रस्त्यांचं मिळून एक नाव) काढायचं, मग त्यामागचा एकेक रस्ता एससीएसआयच्या यादीतून हटवायचा, आणि शेवटी स्टोरेजच्या बाजूने लन तोडायचा. हे उलटं केलं तर सर्व्हर मेलेल्या रस्त्यांवर उत्तराची वाट बघत राहतो, आणि त्या रस्त्याला हात लावणारी प्रत्येक प्रक्रिया अशी अडकते की किल करूनही जात नाही.

बॅकअप ठेवायचा जो मोठा व्हॉल्यूम होता तो एक्सएफएस या फाइल सिस्टीमवर होता. एक्सएफएस वाढतं झकास, चालू असताना वाढतं, पण नेहमीच्या कामात त्याला लहान करता येत नाही. ईएक्सटी4 लहान होतं, तेही अनमाउंट करूनच. त्यामुळे नवा लहान व्हॉल्यूम करून सगळं त्यावर उतरवण्याला पर्याय नव्हता. सुरुवातीला फाइल सिस्टीम निवडताना हा विचार क्वचितच होतो. व्हावा असं मला मनापासून वाटतं.

शेवटी प्रत्यक्ष ट्रे काढायचा गुरुवार. हिवाळा होता, पुण्याची कोरडी हवा, दाराच्या कडीला हात लावला तरी झटका बसावा असे दिवस. अशा वेळी अर्थिंगचा पट्टा मनगटाला बांधल्याशिवाय मी कोणालाही मशीनच्या जवळ येऊ देत नाही. डेटाबेसचा बॅकअप आदल्या दिवशी घेऊन चाचणीच्या मशीनवर उतरवूनही पाहिला होता. उतरवून न पाहिलेल्या बॅकअपला मी बॅकअप मानत नाही. अपेक्षेप्रमाणे सकाळीच वीज गेली, जनरेटर लागला, डिझेल होतं.

वायरी काढण्याआधी प्रत्येकीला लेबल, मागच्या बाजूचा फोटो. मशीन दोघांनी धरून रेल्सवर पुढे ओढलं. मशीनच्या कंपनीचा फील्ड इंजिनिअर आला होता, नवीन मुलगा, पण हात फार स्वच्छ. ट्रेचे दोन्ही बाजूंचे खटके त्याने एकाच वेळी, सारख्या जोराने उचलले. एक बाजू आधी उचलली तर खालच्या कनेक्टरच्या पिना वाकतात, आणि त्या वाकल्या की मुख्य बोर्डच जातो. ट्रे वर आला आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये बारीक करडी धूळ दिसली. आमच्या सर्व्हर रूमच्या भिंतीपलीकडे दोन गाळे सोडून ग्राइंडिंगचं काम चालतं. ही धूळ साधी नसते, त्यात लोखंड असतं, आणि लोखंडाची धूळ वीज वाहून नेते. मी लोहचुंबक कागदात गुंडाळून तिच्यावरून फिरवलं, कागदावर करडी रेघ उमटली. त्या दिवशीच एसीच्या फिल्टरची आणि दाराखालच्या फटीची तक्रार लिहून मेंटेनन्सला दिली, आणि या वेळी पुराव्याचा कागद जोडलेला असल्यामुळे काम झालंही.

ट्रे प्रोसेसर आणि मेमरीसकट तसाच चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीत घातला. प्रोसेसर सुटे काढले नाहीत, त्याची गरज नव्हती. ट्रेचं मूळ खोकं स्टोअरच्या माळ्यावर होतं, त्यातल्या फोमसकट. स्टोअरचे काका म्हणाले, "बघा, तुम्ही फेकू नका म्हणाला होतात, मी फेकलं नाही." प्लास्टिकचं फिलरही त्याच खोक्यात ठेवलं होतं. हे फिलर बिनकामाचं वाटतं, पण ट्रेच्या जागी ते बसवलंच पाहिजे. नाहीतर पंख्यांची हवा मोकळ्या पोकळीतून निघून जाते आणि खालच्या प्रोसेसरवरून वाहतच नाही. मग पंखे पूर्ण वेगाने ओरडत राहतात आणि तरी तापमान चढत जातं.

कार्ड नव्या स्लॉटमध्ये बसवलं, वायरी लेबलप्रमाणे लावल्या, आणि सुरू केलं. पहिल्यांदा मशीन थांबलं आणि हार्डवेअर बदललंय असं सांगून विचारलं, पुढे जायचं का. हे अपेक्षितच होतं. पोस्ट पूर्वीपेक्षा लवकर झालं, कारण तपासायला मेमरी निम्मी. नुमासीटीएलने दोन नोड दाखवले. मॉड्यूल 24, मेमरी 768 जीबी. ह्यूजपेजेस 2,45,760, त्यातलं एकही कमी नाही. फायबरचे सगळे रस्ते जिवंत. डीबीएने डेटाबेस उठवला, अकाउंट्सच्या एका ताईंना फोन करून घरूनच लॉगिन करायला सांगितलं, त्यांनी एक व्हाउचर टाकून पाहिलं. यूपीएसच्या पॅनेलवरचा लोड खाली आलेला दिसत होता.

यानंतरचं काम कागदांचं, पण तेही तितकंच खरं. एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभाल कराराच्या, यादीतून ट्रे, दोन प्रोसेसर आणि 24 मॉड्यूल वगळायला लावलं. नाहीतर काढून ठेवलेल्या भागांचे पैसे आपण वर्षानुवर्षं भरत राहतो. मॉनिटरिंगला नवं कॉन्फिगरेशन शिकवलं. ॲसेट रजिस्टरमध्ये ट्रेची स्वतंत्र नोंद केली. त्यातली काही मॉड्यूल चाचणीच्या मशीनला हवी होती, ती दुसऱ्या प्लांटला रिटर्नेबल गेट पासवर गेली, कारण ती परत यायची आहेत. नॉन-रिटर्नेबल केलं असतं तर हिशेबात ती वस्तूच संपली असती. निकामी झालेल्या जुन्या डिस्क मात्र मी कोणालाही तशा देत नाही. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे त्या नोंदणीकृत रिसायकलरकडेच जायला हव्यात, आणि जाण्याआधी त्यावरचा डेटा नष्ट केल्याचा सीरियल नंबरनिशी कागद मला फाइलला लागतो. भंगारवाल्याचा भाव चांगला असतो हे मला ऐकवून झालंय. त्या डिस्कवर आमच्या कामगारांचे पगार आणि बँक खाती होती.

आता या मशीनचंही वय होत आलंय आणि नव्याची चौकशी सुरू आहे. चौकशीपत्रात मी या वेळी एक रकाना वाढवला. प्रत्येक भागापुढे व्हेंडरने लिहायचं, तो वाढवता येतो का, काढता येतो का, काढायला मशीन बंद करावं लागतं का, आणि काढल्यावर कुठले स्लॉट बंद पडतात. काही जणांनी बाकी सगळं भरून एवढाच रकाना कोरा पाठवला. त्यांचे अर्ज मी भरून आणायला परत पाठवले आहेत.